बाजाराची जागा सहा दिवस पडून नसते

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर नुकतंच आमच्या गावच्या आठवडे बाजाराच्या जागेवर होऊ घातलेल्या व्यापारी संकुलाचं रंगीत चित्र आलं. तळमजल्याला काचेचे गाळे, वर दोन मजले, दाराशी खजुरासारखी उंच झाडं, पायऱ्यांवर चकचकीत पिशव्या घेतलेलं एक जोडपं. सोबतच्या बातमीचा सूर असा, की ही मोक्याची जागा आठवड्यातले सहा दिवस पडून असते, ती 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर विकसित केली म्हणजे पालिकेला कायमचं उत्पन्न सुरू होईल. आठवडे बाजार बायपासच्या पलीकडे प्रशस्त जागेत हलवणार, हे अगदी शेवटच्या ओळीत होतं.

मी याच पालिकेत बाजार वसुलीला कारकून होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी पावती बुक आणि कापडी पिशवी घेऊन या जागेचा कोपरा न् कोपरा फिरणं हेच माझं काम. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सातपुडा आणि तापी यांच्या मधलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की विषय बाजूला राहतो आणि पत्र कुठल्या गटाचं याचा शोध सुरू होतो. मी कुठल्याही गटाचा नाही. पेन्शन वेळेवर व्हावी, एवढंच माझं पालिकेकडे मागणं असतं आणि तेही पुरं होत नाही, पण तो वेगळा विषय.

सहा दिवस पडून असते, हे ज्याने लिहिलं तो त्या जागेवर सकाळी सातला कधी गेलेला दिसत नाही. रोज सकाळी तिथे मजूर अड्डा असतो. डबा बांधलेल्या बाया, खोरं-पाटी घेतलेले गडी लिंबाखाली उभे असतात. शेतमालक, मिस्त्री, सेंट्रिंगवाले मोटारसायकलवर येतात, मजुरी ठरते, माणसं पांगतात. नऊनंतर अड्डा मोकळा. मग त्याच लिंबाखाली घिसाडी भाता लावतो. पेरणीच्या आधी विळे-कुऱ्हाडी पाजवून घ्यायला तिथे रांग असते. उन्हाळ्यात बाजाराच्या ओट्यांवर आजूबाजूच्या गल्लीतल्या बाया बिबड्या आणि कुरडया वाळत घालतात, कारण दोन खोल्यांच्या घराला गच्ची नसते. संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. गावातल्या कितीतरी मुली सायकल शिकल्या त्या याच पटांगणात, कारण रस्त्यावर ट्रॅक्टर आणि डंपर. ज्याला मंगल कार्यालयाचं भाडं झेपत नाही त्याचा मांडव इथेच पडतो. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की कुंभारांच्या घागरी, पोळ्याला झुली, मोरक्या आणि घुंगरं, दिवाळीला पणत्या. आणि निवडणूक आली की सभा. आज संकुल हवं म्हणणाऱ्या जवळपास सगळ्यांनी याच पटांगणात उभं राहून आमच्या विकासाची भाषणं ठोकलेली आहेत. तेव्हा ती जागा पडीक वाटली नाही.

होळीच्या आधीचा बाजार तर विचारू नका. भोंगऱ्या. पाड्यांवरून पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबं ढोल-बासरी घेऊन उतरतात. पोरींच्या अंगावर चांदी, पोरांच्या डोळ्यांना गॉगल, आणि डाळ्या, गूळ, हार-कंगण यांची खरेदी. त्या दिवशी वसुली करायला आम्हाला जादा माणसं घ्यावी लागायची, आणि ढोलाच्या आवाजात पावतीची रक्कम बोटांनी सांगायची. हा भोंगऱ्या संकुलाच्या पार्किंगमध्ये भरवणार आहात का, हे कुणीतरी त्या चित्र काढणाऱ्या वास्तुविशारदाला विचारावं. मला वाटतं त्याला भोंगऱ्या म्हणजे काय हेच कुणी सांगितलं नसेल.

आता 'प्रशस्त' जागेविषयी. बायपासच्या पलीकडचं ते शेत मी पाहिलेलं आहे. काळी जमीन, एक झाड नाही. पावसाळ्यात तिथे चप्पल रुतते आणि मे महिन्यात आपल्या भागात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पाड्यावरची बाई डिंक, चारोळी, गोडंबी, मोहाची फुलं असं काहीबाही टोपलीत घेऊन एसटीने किंवा जीपने येते. स्टँडवरून आजचा बाजार पाच मिनिटांवर आहे. टोपली डोक्यावर घेऊन ती चालत येते, लिंबाची सावली धरून बसते, दुपारी माल संपला की मीठ, तेल, चहा पावडर आणि पोरासाठी काहीतरी घेऊन परतीची गाडी पकडते. बायपासला जायचं तर स्टँडवरून रिक्षा करावी लागेल आणि चौपदरी रस्ता ओलांडावा लागेल. रिक्षाचं जाण्या-येण्याचं भाडं तिच्या अर्ध्या टोपलीइतकं होईल. ती दोन-तीन बाजार येईल, मग यायची बंद होईल, आणि तिचा माल पाड्यावरच एखादा व्यापारी पडेल भावात उचलेल. बाजार 'हलवला' असं आपण म्हणू, पण हलणार फक्त ज्यांच्याकडे टेम्पो आहे ते.

घेणाऱ्याचंही तेच. आमच्याकडे शेतमजुराचा आठवड्याचा पगार अजून बऱ्याच ठिकाणी बाजाराच्या दिवशी होतो. बाई शेतातून येते, हातात पैसे येतात, आणि दिवेलागणीला ती बाजार करते. मुद्दाम उशिरा. बाजार उठायच्या वेळी भाव उतरतो, वांगी-मेथीचे ढीग अर्ध्या पैशात मिळतात, कारण विकणाऱ्याला माल परत न्यायचा नसतो. या एका तासावर गावातल्या कितीतरी घरांची आठवड्याची भाजी चालते. काचेच्या गाळ्यात हा तास नसतो. तिथे उरलेला माल फ्रीजमध्ये जातो आणि भाव सकाळचाच राहतो.

मी हे लिहितो तेव्हा काही मंडळी म्हणतील, नाना, तुम्हाला जुनं सगळं गोड वाटतं. नाही वाटत. बाजार घाण असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सडक्या पाल्याचा वास तीन गल्ल्यांपर्यंत जातो. मोकाट गुरं, खिसेकापू, स्टँडकडच्या तोंडाशी तुंबलेली वाहतूक, एकदा तर रुग्णवाहिका अडकलेली मी पाहिली. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या बायांना तिथे धड एक मुतारी नाही. पाणी पीत नाहीत त्या दिवसभर, मला एकीने सांगितलं. पण यातल्या कुठल्या दुखण्याला तीन मजली संकुल हा इलाज आहे? चार मुताऱ्या, दोन नळ, ओट्यांवर पत्रे, दिवे, कचऱ्याचा ट्रॅक्टर त्याच रात्री, आणि स्टँडकडचं तोंड मोकळं ठेवायला दोन शिपाई. हा खर्च कुठल्याही पालिकेच्या अंदाजपत्रकात बसतो. माझ्या नोकरीच्या काळात हा प्रस्ताव कितीदा तरी गेला आणि निधीअभावी परत आला.

निधीअभावी, हे मात्र खोटं नाही. पालिकेचं दुखणं मला आतून माहीत आहे. जकात होती तोवर नाक्यावर रोज पैसा जमा होत होता. जकात गेली, सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं, ते पगारातच संपतं. घरपट्टी वाढवायला कुणी नगरसेवक हात वर करत नाही. मग पालिकेकडे विकण्यासारखं राहिलं काय? जमीन. म्हणून प्रत्येक नव्या साहेबाची नजर आधी नकाशावरच्या मोकळ्या तुकड्यांवर जाते. शाळेचं पटांगण, जुना कोंडवाडा, नदीकाठ, बाजार. ठेकेदाराला जागा द्यायची, त्याने स्वतःच्या पैशाने बांधायचं, गाळ्यांच्या अनामती आधीच गोळा करून तोच पैसा बांधकामात घालायचा, आणि पालिकेला मिळायचे मोजके गाळे आणि किरकोळ भाडं. स्वतःच्या पैशाने, असं म्हणायचं एवढंच.

आणि कायमच्या उत्पन्नाचं म्हणाल, तर जळगाव महापालिकेच्या संकुलांमधल्या मुदत संपलेल्या गाळ्यांचा वाद किती वर्षं चालला हे आपल्याच पानांवर वाचलेलं आहे. भाडं किती, थकबाकी किती, नूतनीकरण कसं, यावर मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. गाळेधारकांची बाजू चूक की पालिकेची, या वादात मी पडत नाही. गाळा बांधला की पैसा आपोआप येत नाही, एवढंच सांगायचं आहे. उलट आमच्या टोपलीवाल्या बाईने मला पावतीचे पैसे बुडवल्याचं फार क्वचित आठवतं. भवानी झाल्याशिवाय मागू नको भाऊसाहेब, असं म्हणायच्या, आणि दुसऱ्या फेरीला स्वतः हाक मारून द्यायच्या.

आजच्या बाजारकरांना संकुलात 'प्राधान्य' देणार, असंही बातमीत आहे. प्राधान्य कशात? लिलावात भाग घेण्यात. अनामत लाखांत असणार. मिरचीचा ढीग घेऊन बसणाऱ्या माणसाला ती भरता येणार नाही हे लिलाव ठेवणाऱ्यालाही ठाऊक आहे. गाळे घेणार ते ज्यांची मेन रोडला आधीच दुकानं आहेत ते, आणि नंतर पोटभाड्याने देणार. वरचे मजले काही वर्षं बंद शटरचे राहतील. असे गंजलेल्या शटरचे मजले खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडजवळ उभं राहून मान वर केली तर दिसतात.

खान्देशात शहर बसवताना नेहमी असंच होत होतं असं नाही. धुळ्याची गोष्ट पाहा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खान्देश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणं करून नवी पेठ आखली. आज गल्ली नंबर अमुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या सरळ, समांतर गल्ल्या त्या आखणीच्या. तेव्हा मुलूख उजाड होता. पेठ भरावी म्हणून ब्रिग्जने व्यापाऱ्यांना आणि इतरांना बांधकामाच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, घरं उभी करायला उसनवारी दिली, लांबून कारागीर आणवले. जुन्या गॅझेटियरमध्ये हे नोंदलेलं आहे. ब्रिग्ज काही पुण्य करायला निघाला नव्हता, त्याला महसूल हवा होता. पण महसूल हवा तर आधी माणूस बसवावा लागतो, एवढा हिशोब त्या परक्या माणसाला कळत होता. आमचे लोक बसलेला माणूस उठवून महसूल शोधतात.

जळगावात स्टेशनजवळ खान्देश मिल होती. कापसाच्या मुलखातली जुनी गिरणी, तिच्या भोंग्यावर निम्मं गाव उठायचं असं आमचे वडील सांगायचे. आज त्या जागेवर मॉल आहे. गिरणी बंद पडली त्याला हजार कारणं असतील, आणि बंद गिरणीच्या जागेवर काहीतरी होणारच. पण त्या जमिनीचं काय करायचं, याचं मत तिथे हयात घालवलेल्या कामगारांना कुणी विचारलं होतं का? जागा मालकाची, निर्णय मालकाचा, असं तिथे एकवेळ म्हणता येईल. आमच्या बाजाराची जागा मात्र कुणा मालकाची नाही. ती पालिकेची, म्हणजे सगळ्यांची आहे.

सगळ्यांची म्हणजे कुणाची, इथे माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. पुण्यात नगररचना शिकणारी माझी भाची सुट्टीत आली होती. तिने सांगितलं, आन्री लफेव्र नावाच्या फ्रेंच विचारवंताने १९६८ साली शहरावरच्या हक्काची कल्पना मांडली. शहर जमीनमालकाचं आणि बाजारभावाचं नसतं, जे ते वापरतात, राबून उभं करतात त्यांचं असतं, आणि त्याला आकार देण्यात त्यांचा वाटा हवा. ब्राझीलने तर २००१ मध्ये शहरांसाठी कायदा करून जमिनीच्या सामाजिक उपयोगाला मालकीच्या बरोबरीने मान दिला. मला ते पटलं. पण मी तिला विचारलं, आमच्या बाजारात विकणारे-घेणारे निम्म्याहून जास्त लोक या गावचे नाहीतच. ते आजूबाजूच्या खेड्यांतले, पाड्यांवरचे. त्यांचं मत ग्रामपंचायतीला पडतं, पालिकेला नाही. नगरसेवकाच्या दृष्टीने ती बाई मोजण्यातच येत नाही, कारण तिचं नाव वॉर्डाच्या यादीत नाही. तालुक्याचं गाव हे भोवतालच्या खेड्यांच्या जिवावर उभं राहिलेलं असतं. आडत त्यांच्या कापसावर, कापड दुकान त्यांच्या लग्नसराईवर, दवाखाने त्यांच्या तापावर. आणि त्या गावाच्या मधोमध बसायचा त्यांना काय हक्क, हे ठरवणार ज्यांना त्यांच्या मताची गरज नाही ते. भाचीकडे याचं उत्तर नव्हतं.

संकुलाचा ठराव झाला तेव्हा तर पालिकेत नगरसेवकही नव्हते. निवडणुका रखडलेल्या, प्रशासकाची राजवट होती, सभागृहाचे सगळे अधिकार एका सहीत. सभा नाही, चर्चा नाही, विरोधाची नोंद नाही.

कायदा मात्र याबाबतीत इतका गरीब नाही. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथांवरच्या लोकांना हुसकावण्याची मोहीम निघाली, त्याविरुद्ध ओल्गा टेलिस या पत्रकार आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतो. हटवायला न्यायालयाने मनाई केली नाही, फक्त निकालाच्या वर्षीचा पावसाळा सरेपर्यंत थांबा म्हटलं, हेही सांगितलं पाहिजे, कारण भाषणांतून लोक अर्धाच निकाल सांगतात. पुढे १९८९ मध्ये सोदन सिंग प्रकरणात घटनापीठाने रस्त्यावर बसून विकणं हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला, त्यावर नियमन असू शकतं असं सांगून. आणि २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला.

हा कायदा आमच्या पालिकेत कुणी उघडून वाचला असेल असं वाटत नाही, म्हणून थोडं तपशिलात लिहितो. गावात पथविक्रेता समिती हवी, आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बाया. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण हवं. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हलवायचंच झालं तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर नाशवंत माल मागितल्याच्या दिवशीच परत द्यायचा. आणि या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक ओळ आहे, जिच्यावर माझा सगळा भर आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, आणि तिथल्या विक्रेत्यांचं स्थलांतर करू नये.

आमचा बाजार पन्नास वर्षांचा आहे का? माझे आजोबा या बाजारात बैल घ्यायला यायचे.

सर्वेक्षणाचं मात्र एक सांगायला हवं. मागे एका संस्थेची मुलं टॅब घेऊन फेरीवाल्यांची नोंद करायला आली होती. आली बाजार नसलेल्या दिवशी, दुपारी. त्यांना मेन रोडवरच्या लोटगाड्या, वडापाववाले, चप्पल शिवणारे सापडले. त्यांची नोंद झाली, काहींना पुढे पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्जही मिळालं, चांगलंच झालं. पण बाजारातली माणसं कागदावर आलीच नाहीत. उद्या कुणी विचारलं तर पालिका म्हणेल, यादीत त्या जागेवर कुणीच नाही. म्हणून मागणी साधी आहे. सर्वेक्षण बाजाराच्या दिवशी, सकाळी आठ ते रात्री आठ करा, आणि एक नव्हे, पावसाळ्यातला एक बाजार आणि भोंगऱ्याचा एक असे दोन्ही धरा. शेतकरी आठवड्यातून एकदा स्वतःची मेथी आणून विकतो, त्याला पथविक्रेता मानायचं की नाही यावर कागदी घोळ होईल. तो समितीत बसून सोडवावा. टेंडर काढून नव्हे.

दुसरी गोष्ट. मंजूर विकास योजनेत ही जागा आठवडे बाजारासाठीच राखीव आहे. तिथे संकुल बांधायचं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागेल, नोटीस काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतील, मग शासनाची मंजुरी. ही नोटीस वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते. माझी आपल्याला विनंती आहे की ती आली की तिची मोठी बातमी करावी, आणि एक गोष्ट ठळक छापावी: हरकत घ्यायला गावचा मतदार असावं लागत नाही. पाड्यावरचा माणूसही हरकत देऊ शकतो. आम्ही काही निवृत्त मंडळी बाजारात टेबल टाकून बसायला तयार आहोत, ज्याला लिहिता येत नाही त्याची हरकत लिहून द्यायला.

बाजार जागच्या जागी सुधारता येतो हे काही स्वप्न नाही. अहमदाबादला साबरमतीकाठी रविवारी भरणारी गुजरी अहमदशाहाच्या काळापासूनची मानतात. रिव्हरफ्रंटच्या कामात ती उठण्याची वेळ आली, तेव्हा गुजरीवाल्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली, तिथल्या शिक्षणसंस्थांमधल्या लोकांना बरोबर घेऊन स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला, आणि अखेर २०१४ मध्ये त्यांना नदीकाठावरच ओट्यांचा, झाडांचा बाजार मिळाला. आपल्या जिल्ह्यातून सुरत-अहमदाबादला रोज किती माणसं कामाला जातात. कुणी सदस्य सहलीला निघालेच तर काश्मीरच्या आधी तिथे एक रविवार काढावा.

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाल्यापासून धुळे भागात जमिनीचे भाव कसे चढले ते सगळे बघत आहेत. ३०९ किलोमीटरचा मार्ग, अठरा हजार कोटींच्या वरचा खर्च. रेल्वे व्हावी, नक्की व्हावी. पण जमिनीला असे भाव फुटले की गावातली प्रत्येक मोकळी जागा कुणाच्या तरी डोळ्यात खुपू लागते, आणि तिथे बसलेला माणूस अतिक्रमण ठरतो. पावती फाडताना एकदा वांगीवाल्या जिजीने मला ऐकवलं होतं, "पावती तं रोज फाडतस, मंग जागा आमनी कशी नही?" मी तेव्हा नियम सांगितला होता. पावतीने मालकी मिळत नाही, हा नियम आजही तोच आहे आणि बरोबर आहे. पण मालकी मागतंय कोण? ज्यांच्याकडून पालिकेने पिढ्यान्‌पिढ्या जागेचं भाडं घेतलं, ती माणसं त्या जागेवर होती, एवढं तर त्या पावत्यांवरून सिद्ध होतं ना.

म्हणून शेवटची मागणी, आणि ही सगळ्यात तातडीची. अलीकडे वसुली ठेक्याने दिली जाते आणि ठेकेदाराची माणसं पावती देतातच असं नाही, त्यामुळे नव्या काळाचा पुरावा तोकडाच आहे. जुन्या काळातल्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, रोजकीर्द आणि बाजार फीचे ठराव पालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. कुठल्या तारखेला किती टोपल्या, किती लोटगाड्या, किती बैलगाड्या बसल्या, सगळं त्यात आहे. पालिकेचं कार्यालय नव्या इमारतीत हलणार असल्याचं ऐकतो, आणि हलताना मुदत संपलेलं दप्तर म्हणून जुने गठ्ठे रद्दीत जातात हे मी नोकरीत पाहिलेलं आहे. पथविक्रेता समिती बसून वारसा बाजाराचा निर्णय होईपर्यंत त्यातला एकही गठ्ठा नष्ट करू नये, असा लेखी आदेश मुख्याधिकाऱ्यांनी काढावा. माहिती अधिकारात मी अर्ज दिलेला आहेच. गठ्ठे सापडत नसल्याचं उत्तर आलं, तर कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर आहेत ते मी स्वतः येऊन दाखवीन. ते मीच बांधून ठेवलेले आहेत.

आपला,
एक निवृत्त बाजार वसुली कारकून
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)